ऑनर्समधून काढायच्या आधी मीच सोडून देऊ का?

पत्र थोडक्यात असं: वय १९, मूळ सांगलीकडचा. बारावीनंतर ऑगस्टमध्ये अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्सला गेला, तिथल्या ऑनर्स कॉलेजमध्येही (निवडक मुलांसाठीचा खास कार्यक्रम) निवड झाली. त्याची बातमी फोटोसकट गावच्या पेपरात आली, आईच्या व्हॉट्सॲपचा डीपी अजून तेच कात्रण आहे. पहिल्या सेमिस्टरला १८ क्रेडिट घेतले, शिवाय डायनिंग हॉलच्या डिशरूममध्ये आठवड्याला १५ तास काम. निकाल असा: कॉम्प्युटर सायन्स ए, कॅल्क्युलस बी, सायकॉलॉजी बी प्लस, फिजिक्स बी मायनस आणि ऑनर्सचा सेमिनार सी प्लस. जीपीए, म्हणजे ग्रेडची ४ पैकी सरासरी, ३.०९. ऑनर्सला ३.४ लागतो, म्हणून 'ऑनर्स प्रोबेशन'ची ईमेल आली, स्प्रिंग म्हणजे दुसरी सेमिस्टर संपली की परत बघणार आहेत. वर्षाला ८,००० डॉलरची स्कॉलरशिप आहे, तिची अट ३.० ची. सेमिनारसाठी लिहून दिलेल्या दुसऱ्या पेपरवर (निबंधावर) प्रोफेसर मॅडमनी लिहिलं होतं, "हे सगळं बरोबर आहे, पण तुझं म्हणणं काय?" घरी यातलं काहीच सांगितलेलं नाही. "वर्गात सगळे बोलतात, माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. ऑनर्समध्ये टिकायला जे लागतं ते माझ्यात नाहीये असं वाटतं. त्यांनी काढण्यापेक्षा मीच सोडलेलं बरं ना, ताई?"

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ग्रेड बघितल्या, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की चार महिन्यांचं एवढं सविस्तर लिहिलंयस पण त्यात तू कोणाशी बोलल्याचा एकदाही उल्लेख नाही, प्रोफेसर नाही, ॲडव्हायझर नाही, रूममेट नाही, आईबाबा तर नाहीतच. ईमेल येऊन तीन आठवडे झाले, सुट्टीमुळे हॉस्टेल रिकामं, बाहेर बर्फ, आणि तू एकटा खोलीत बसून सोडू का राहू करतोयस. तिथे बसून काही ठरवू नकोस. सोडण्याबद्दल मला काय वाटतं ते सांगतेच, पण आधी त्या ईमेलचा अर्थ नीट लावू.

पुण्याला परत यायच्या आधी ११ वर्षं मी तिकडच्या एका युनिव्हर्सिटीच्या ॲडव्हायझिंग ऑफिसात होते, अशा ईमेल आम्हीच पाठवायचो, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला माहितीये. प्रोबेशन म्हणजे मुदत. तुला काढायचं असतं तर काढल्याचं कळवलं असतं. ते तुला एक सेमिस्टर देतायत आणि त्या काळात तू येऊन भेटावंस अशी त्यांची अपेक्षा असते, ईमेलच्या शेवटी कुठेतरी अपॉइंटमेंटची लिंक असणारच, बहुतेक मुलं तिथपर्यंत वाचत नाहीत, वरच्या दोन ओळी वाचून लॅपटॉप बंद करतात. दुसरं म्हणजे युनिव्हर्सिटीचं अकॅडमिक प्रोबेशन हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे, ते साधारणपणे जीपीए २.० च्या खाली गेला की लागतं आणि तू त्याच्या कितीतरी वर आहेस. व्हिसाचंही मनातून काढ. तू ऑनर्सच्या यादीत आहेस की नाहीस याच्याशी एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा काही संबंध नाही, तुला फुलटाइम विद्यार्थी राहायचंय आणि डिग्रीची वाटचाल चालू ठेवायचीय, बास.

आता तो ३.४. हा आकडा तू असा लिहिलायस की जणू तो हुशारीचा थर्मामीटर आहे. पेन स्टेटच्या श्रायर ऑनर्स कॉलेजला ३.४ च लागतो, पण ॲरिझोना स्टेटच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजला ३.२५ लागतो. म्हणजे तू तोच, पेपर तेच, ग्रेड त्याच, फक्त ॲरिझोनात असतास तर रेघेपासूनचं अंतर जवळपास निम्मं झालं असतं. रेघ कुठेतरी मारावी लागते म्हणून प्रत्येक कॉलेज ती आपल्या हिशोबाने मारतं. ती पाळायची हे खरंच, पण तिच्यावरून स्वतःची किंमत करायला बसू नकोस.

हिशोब केलायस का तू? पत्रात तर दिसला नाही, म्हणून मीच करून बघितला, कारण अशा वेळी भीती वाटते पण कागद-पेन घेऊन कोणी बसत नाही. तीन विषय ४ क्रेडिटचे, दोन ३ चे धरले की तुझे एकूण ग्रेड पॉइंट (प्रत्येक ग्रेडचे गुण गुणिले क्रेडिट) होतात ५५.६, भागिले १८, म्हणजे ३.०९. बरोबर आला आकडा. आता समज फिजिक्स आणि सेमिनार या फक्त दोन विषयांत बी प्लस असतं, बाकी सगळं आहे तसंच, तर जीपीए झाला असता ३.३९. ए पण नाही, बी प्लस. म्हणजे पाच विषयांतल्या दोन विषयांनी तुला खाली ओढलंय आणि तू सगळ्या स्वतःलाच नापास ठरवून मोकळा झालायस.

पुढचा हिशोब जरा कडू आहे पण तोही बघ. स्प्रिंगला १५ क्रेडिट घेतलेस आणि मे महिन्यात एकूण ३.४ वर यायचं असेल तर त्या सेमिस्टरला ३.७७ पाडावा लागेल, म्हणजे जवळपास सगळीकडे ए नाहीतर ए मायनस. अवघड आहे. पण दोन सेमिस्टर मिळाल्या, १५-१५ क्रेडिटच्या, तर सरासरी ३.५९ पुरतो, आणि तो तुझ्या आवाक्यातला आहे. म्हणून ईमेल परत उघड आणि नीट बघ की त्यांना मे पर्यंत थेट ३.४ हवाय की 'प्रगती दिसली पाहिजे' असं लिहिलंय. अनेक ठिकाणी त्या एका सेमिस्टरचा जीपीए रेघेच्या वर गेला की मुदत वाढवून देतात. स्पष्ट लिहिलं नसेल तर ऑनर्सच्या ॲडव्हायझरला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

आता मला या पत्रात खरी काळजी कशाची वाटली ते सांगते, आणि ती गोष्ट तू एका ओळीत लिहून पुढे गेलायस. स्कॉलरशिपची अट ३.०, तुझा ३.०९. तुला वाटतंय तुझी लढाई ३.४ शी आहे, पण पाय घसरला तर महागात पडणारी कड ३.० ची आहे आणि तू तिच्या अगदी जवळ उभा आहेस. ऑनर्स गेलं तर वाईट वाटेल, ८,००० डॉलर गेले तर वर्षाला सात लाखांच्या आसपासचा खड्डा पडेल आणि तो तुझ्या बाबांना भरावा लागेल. त्यामुळे 'आता दाखवतोच' म्हणून परत १८ क्रेडिट, सगळे अवघड विषय, असं काही केलंस तर मी खरंच रागावेन. आणि हो, स्कॉलरशिपचं पत्र आणि ऑनर्सचं पत्र शेजारी शेजारी ठेवून वाच. बहुतेक वेळा ही दोन वेगळी ऑफिसं असतात, एकातून बाहेर पडलं म्हणून दुसरं आपोआप जात नाही, पण काही स्कॉलरशिप ऑनर्सला बांधलेल्या असतात. तुझी कुठली आहे हे फायनान्शियल एडच्या ऑफिसातून ईमेलवर लेखी घे. ते हातात येईपर्यंत ऑनर्स सोडायचा फॉर्म उघडायचासुद्धा नाही.

आता तास मोजू. अमेरिकेत एका क्रेडिटची सरकारी व्याख्याच अशी आहे की आठवड्याला एक तास वर्ग आणि वर्गाबाहेर निदान दोन तास काम. १८ क्रेडिट म्हणजे झाले ५४ तास, वर १५ तास डिशरूमचे, एकूण ६९. रविवार धरून रोज जवळपास १० तास, त्यात कपडे धुणं, आजारी पडणं, थंडीत बसची वाट बघणं काहीच धरलेलं नाही. पहिल्याच सेमिस्टरला, नव्या देशात. तुला १८ क्रेडिट कोणी घ्यायला लावले ते तू लिहिलं नाहीस पण मला अंदाज आहे, फी तेवढीच मग जास्त विषय का नको, हा आपला मराठी हिशोब. मी पण असाच विचार केला असता. पण तू हे ओझं घेऊनही कॉम्प्युटर सायन्समध्ये ए आणलायस याच्याकडे मी दुर्लक्ष करणार नाहीये.

आता सेमिनार. मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय, कारण 'ऑनर्समध्ये टिकायला काय लागतं' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

प्रोफेसर मॅडमनी तुझ्या पेपरवर लिहिलं, हे सगळं बरोबर आहे पण तुझं म्हणणं काय. तू ते वाक्य टोमणा म्हणून वाचलंस हे पत्रावरून कळतंय. मी ते दहा वेळा वाचलं आणि मला त्यात आमंत्रण दिसलं. बघ ना, तू पहिलीपासून बारावीपर्यंत जे शिकलास त्यात 'तुझं म्हणणं काय' हे कोणी कधी विचारलं? आपल्याकडे उत्तर बरोबर असलं की मार्क, मुद्दे आले की मार्क, मोठ्या लोकांचं अवतरण टाकलं की अजून अर्धा मार्क. त्या पद्धतीत तू उत्तम होतास म्हणून तर तिथे पोचलास. आणि आता एक बाई सांगतायत की मुद्दे सगळे आले, पण यात तू कुठे आहेस. धक्का बसणारच. पण तुझी समज कमी पडली असं त्या म्हणत नाहीयेत, त्या तुला पुढचं पाऊल सांगतायत.

ऑनर्स नावाची गोष्ट तिकडे सुरूच मुळात यासाठी झाली. पेनसिल्व्हेनियात स्वार्थमोर नावाचं छोटं कॉलेज आहे, तिथे फ्रँक आयडेलॉट नावाचे प्रेसिडेंट आले, स्वतः रोड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला शिकलेले. १९२२ साली त्यांनी तिथे ऑनर्स सुरू केलं आणि केलं काय, तर त्या मुलांना नेहमीचे वर्ग आणि परीक्षांतून मोकळं केलं, लहान लहान सेमिनार ठेवले, मुलांनी वाचून यायचं, लिहून आणायचं आणि मांडायचं, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या कॉलेजचे प्रोफेसर बोलवायचे, लेखी पण आणि तोंडी पण. बाहेरचे परीक्षक तिथे आजही येतात. म्हणजे ऑनर्सचं मूळ आहे चार लोकांसमोर आपलं म्हणणं मांडणं आणि त्यावरचे प्रश्न झेलणं, जीपीएची अट ही त्याच्याभोवतीची कुंपणाची तार आहे. मोठ्या स्टेट युनिव्हर्सिट्यांनी ही कल्पना घेतली ती हजारोंच्या गर्दीत काही मुलांना तरी छोट्या कॉलेजसारखं शिकता यावं म्हणून. आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी शेवटी थिसिस असतो, कारण चार वर्षांत तुला स्वतःचा एक प्रश्न सापडला का हे त्यांना बघायचं असतं.

तर टिकायला काय लागतं? माझ्या ११ वर्षांत ऑनर्समधून बाहेर पडलेली जी मुलं मी बघितली त्यातली फार थोडी बुद्धी कमी पडली म्हणून गेली. बहुतेक जण यासाठी गेले की त्यांना काही कळलं नाही तेव्हा ते कोणाला कळू दिलं नाही. समजत नाहीये हे दुसऱ्या आठवड्यात जाऊन सांगणारा मुलगा राहतो, आणि अकराव्या आठवड्यापर्यंत खोलीत एकटा झुंजणारा, त्याच्याइतकाच किंवा जास्त हुशार असलेला, जातो. आपली मुलं यात जास्त सापडतात, कारण सरांकडे विचारायला जाणं म्हणजे आपल्याला येत नाही याची कबुली असं आपल्या डोक्यात घट्ट बसलंय, शिवाय 'सरांचा वेळ कशाला घ्या' ही लाज.

एक मुलगा मला अजून आठवतो. मी ऑफिसात बसलेली, दार उघडं, बाहेर पाटीवर वेळ लिहिलेली. माझ्या स्क्रीनवर त्याची ईमेल आली, मी आता येऊ शकतो का, तुम्हाला त्रास नसेल तर. मी उत्तर टाईप करायला घेतलं आणि सहज वर बघितलं तर दाराच्या काचेतून त्याची अर्धी बॅग आणि फोन धरलेला हात दिसत होता. तो दारातच उभा होता. दोन पावलांवर. मी उठून त्याला आत घेतलं तेव्हा म्हणाला की २० मिनिटं तिथेच उभा होतो. ऑफिस अवर्स हा तुझ्या फीमधे आलेला वेळ आहे रे, त्या वेळेला कोणी आलं नाही तर प्रोफेसर तिथे एकटे बसून असतात, खरंच सांगते, आणि कोणी आलं की बहुतेकांना बरं वाटतं.

म्हणून पहिलं काम. सेमिनारच्या त्या मॅडमना ईमेल कर, फॉल म्हणजे पहिली सेमिस्टर संपली असली तरी. ग्रेड वाढवून मागायची नाही, तो विषयच काढायचा नाही. एवढंच लिही की तुम्ही माझ्या दुसऱ्या पेपरवर अमुक लिहिलं होतं, मला तेव्हा समजलं नाही, तो पेपर घेऊन १५ मिनिटं येऊ का, असं लिहिताना नेमकं काय करायचं असतं ते समजून घ्यायचंय. चार ओळी. 'सॉरी' फक्त एकदा, सात वेळा नाही. जाताना तोच पेपर प्रिंट काढून ने आणि ज्या परिच्छेदात तुला स्वतःला काहीतरी वेगळं वाटत होतं पण लिहिलं नाहीस तिथे पेनाने खूण करून ने. अशी खूण तुझ्या पेपरात एक तरी सापडेल असं मला वाटतं.

वर्गात बोलण्याचं. वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे जातो हे अगदी खरं आहे, त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो अनेकांना लागू पडलाय. वाचून येताना एक प्रश्न वहीत लिहून आणायचा, इंग्रजीत, पूर्ण वाक्यात, आणि तो पहिल्या १० मिनिटांत विचारून टाकायचा, तेव्हा चर्चा अजून तापलेली नसते. मत द्यायचंच असं नाही, 'पान ४२ वर लेखक असं का म्हणतो मला कळलं नाही' हेही बोलणंच आहे आणि पुष्कळदा सगळ्यात चांगलं बोलणं तेच असतं. सिलॅबसमध्ये पार्टिसिपेशनला किती टक्के आहेत ते बघ, अशा सेमिनारमध्ये ते चांगलेच असतात, तू गप्प बसून ते दर आठवड्याला सोडत होतास. आणि लिहिण्यासाठी रायटिंग सेंटर आहे, फुकट आहे, ते तुझं इंग्रजी दुरुस्त करून देत नाहीत, शेजारी बसून प्रश्न विचारत बसतात, पहिल्या वेळी वैताग येईल, तिसऱ्या वेळेपासून फरक कळेल. तिथे काही ढ मुलं जात नाहीत, पीएचडीवाले पण जातात.

आता सोडायचं की राहायचं. तू विचारलंयस 'त्यांनी काढण्यापेक्षा मीच सोडलेलं बरं ना', आणि या वाक्याशी माझं भांडण आहे. या वाक्यात ऑनर्स हवंय की नकोय हे कुठेच नाही, फक्त अपमान कसा टळेल एवढंच आहे. मे मध्ये काढलं तरी ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, सहसा त्याची नोंद उमटत नाही, कोणी बोर्डावर नाव लावत नाही. मग चार महिने आधी स्वतःच निघून जाऊन नेमकं काय वाचणार आहे? उलट त्या चार महिन्यांत तुला ॲडव्हायझर मिळतो, रजिस्ट्रेशनला बहुधा लवकरचा नंबर मिळतो, २० जणांचा वर्ग मिळतो. स्प्रिंगपुरतं राहणं यात मला तोटा दिसत नाही, फक्त एक अट, त्यासाठी १५ पेक्षा जास्त क्रेडिट घ्यायचे नाहीत.

पण कायमचं राहायचं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मी तुझ्यासाठी ठरवणार नाही. तो मार्चमध्ये स्वतःला विचार, बर्फ वितळल्यावर. विचारायचं ते असं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका प्रश्नावर वर्षभर काम करायला, एका प्रोफेसरच्या मागे लागून, ४०-५० पानं लिहायला मला आवडेल का. हो वाटलं तर राहा आणि त्यासाठी धडपड. मनापासून नको वाटत असेल, तुला प्रोग्रॅमिंगच करायचंय, प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपला वेळ हवाय, तर ऑनर्स सोडणं हा पूर्णपणे सरळ निर्णय आहे आणि त्यात कमीपणा नाही, कॉम्प्युटर सायन्सच्या नोकरीत तू काय बनवलंस हेच आधी विचारतात. मधला रस्ताही असतो, बऱ्याच ठिकाणी डिपार्टमेंटचं स्वतःचं ऑनर्स असतं, त्यात तिसऱ्या वर्षी शिरता येतं, फक्त आपल्या विषयातला थिसिस, बाहेरचे सेमिनार नाहीत. तुझ्या डिपार्टमेंटला आहे का विचार. आणि डीन्स लिस्ट, लॅटिन ऑनर्स म्हणजे ते 'कुम लाउडे' वगैरे, ते नुसत्या जीपीएवर मिळणारं वेगळंच प्रकरण असतं पुष्कळ ठिकाणी, ते ऑनर्स कॉलेजमध्ये नसलं तरी मिळू शकतं, मुलं हे सगळं एकच समजतात.

स्प्रिंगचे विषय आत्ता बदलता येतील, सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिला आठवडा-दहा दिवस ॲड-ड्रॉप चालू असतं, ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाक. चार विषय, त्यात गणित आणि प्रोग्रॅमिंग प्रत्येकी एक, लॅबचे दोन विषय एकाच वेळी नकोत. ऑनर्सचा दुसरा सेमिनार आत्ताच घ्यायला हवा असं सक्तीने लिहिलंय का ते बघ, नसेल तर 'ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट' मिळतं का विचार. म्हणजे नेहमीच्याच विषयात प्रोफेसरशी ठरवून एक जादा प्रोजेक्ट करायचा आणि तो विषय ऑनर्सचा म्हणून धरला जातो. तुझा कॉम्प्युटर सायन्समध्ये ए आहे, तिथे हे तुला जमेल आणि प्रोफेसरशी ओळखही होईल. मात्र फॉर्म सुरुवातीच्या काही आठवड्यांतच भरावा लागतो, एप्रिलमध्ये आठवून उपयोग नाही. फिजिक्सचं बी मायनस परत देऊन सुधारायच्या नादी लागू नकोस, बऱ्याच ठिकाणी त्या ग्रेडला परवानगीच नसते आणि असली तरी तेवढ्या वेळात नवा विषय चांगला होतो.

एक इशारा मात्र मोठ्याने. सेमिस्टरच्या मध्यात एखादा विषय सोडावासा वाटला आणि तो सोडून तू १२ क्रेडिटच्या खाली जाणार असशील, तर आधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसात जायचं आणि त्यांची परवानगी मिळाल्याशिवाय ड्रॉपचं बटण दाबायचं नाही. एफ-१ ला हे फार महाग पडतं, नंतर जाऊन 'मला माहिती नव्हतं' म्हणून चालत नाही. डिशरूमचे तास १५ वरून १० वर आण, जमत असेल तर लायब्ररीच्या डेस्कचं किंवा टेस्टिंग सेंटरचं काम शोध. पैशाची ओढ आहे हे कळतं मला, पण पाच तासांच्या पगारासाठी ८,००० ची कड धोक्यात घालू नकोस.

हे वाचणाऱ्या इथल्या मुलांसाठी पण दोन शब्द, कारण 'ऑनर्स' आता आपल्याकडेही आलंय आणि गोंधळ तोच आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांची डिग्री महाराष्ट्रात १३२ क्रेडिटची, चौथं वर्ष केलं की १७६ क्रेडिट आणि ऑनर्स. त्यातही यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात 'ऑनर्स विथ रिसर्च'साठी पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचं संशोधन करावं लागतं. मुलं विचारतात ७५ कसे पाडू, फार थोडी विचारतात की मी संशोधन कशावर करू आणि कोणाकडे करू. गाईड शोधायला सहावी सेमिस्टर संपायची वाट बघू नका, चौथ्या-पाचव्या सेमिस्टरलाच एखाद्या मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन, तुम्ही सध्या कशावर काम करताय, एवढं विचारून या.

आता राहिलं घर. युनिव्हर्सिटी तुझ्या ग्रेड आईबाबांना कळवणार नाही, तिकडचा कायदा तसाच आहे, त्यामुळे तू सांगितलं नाहीस तर त्यांना कळणारही नाही. पण मग दर रविवारी फोनवर 'सगळं मस्त' म्हणताना तुझं जे होत असेल ते चार वर्षं करणार आहेस का? तुला वाटतंय की तो डीपी म्हणजे आईची अपेक्षा आहे. असेलही थोडी. पण घरापासून इतक्या लांब गेलेल्या मुलाचा फोटो आई दिवसातून दहा वेळा बघायला मिळावा म्हणूनही लावून ठेवते. माझ्या आईने माझा पासपोर्ट साइज फोटो देव्हाऱ्याच्या शेजारी चिकटवला होता, त्यात मी कशी दिसते ते सांगण्यासारखं नव्हतं तरी. शिवाय फीची जबाबदारी बाबांवर आहे, स्कॉलरशिपची कड किती जवळ आहे हे त्यांना तुझ्याकडून आत्ता कळलं पाहिजे, पुढच्या वर्षी फीच्या बिलावरून नाही.

सांगताना 'मी नापास झालो' पासून सुरुवात करू नकोस कारण ते खोटं आहे. आकडे सांग. ३.०९ आला, ऑनर्सला ३.४ लागतो, स्कॉलरशिपला ३.०, १८ क्रेडिट घेतले ते चुकलं, आता १५ घेतोय, कामाचे तास कमी करतोय, मॅडमना भेटायला जातोय. बाबा गप्प होतील. ती गप्प वेळ लगेच भरायला जाऊ नकोस, त्यांना समजायला वेळ लागेल, ऑनर्स म्हणजे काय हे त्यांना तरी कुठे माहितीये, त्यांनी फक्त पेपरातलं वाचलंय.

मॅडमची ईमेल शुक्रवारच्या आत टाक. आणि शनिवारी रात्री नऊला घरी फोन कर, तेव्हा सांगलीत रविवारची सकाळ असेल, साडेआठ, आईचा पहिला चहा झालेला असेल आणि बाबा अजून घरातच असतील.